भरेल त्याचा पहिला बार

हिद्द, बहरीन
१ नोव्हेंबर १९९६

ती. विठ्ठलदादास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भाताची कापणी उरकली हे वाचून बरं वाटलं. डुकरांनी खालच्या कुणग्यातल्या भाताची नासाडी केली आणि तू दोन रात्री मचाणावर बसून, एकही बार न काढता, नुसती सर्दी घेऊन परतलास, हे मात्र मला सुनंदाच्या पत्रातून कळलं. तू लिहायला विसरलास वाटतं.

आता कामाचं. माझा मालक अबू राशिद याने मला सित्राच्या कारखान्यातून उचलून स्वतःच्या वर्कशॉपला टर्नर म्हणून ठेवलं, त्याला दोन वर्षं झाली. त्याला दोनच वेडं आहेत. एक ससाणे, आणि दुसरं त्याच्या वडिलांच्या दोन विलायती दुनळी बंदुका. नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, वर पाण्यासारखी नक्षी. बाबांनी पाहिल्या असत्या तर जेवायचे विसरले असते. दर थंडीत मालक परवाने काढून सिंधमधल्या तलावांवर बदकं मारायला जातो आणि ससाण्यांनाही तेच मांस घालतो. गेल्या वर्षी त्याचा लाडका ससाणा मान टाकून बसला आणि गेला. पक्ष्यांच्या डॉक्टरने फोटो काढला तर पोटात शिशाचे छर्रे. बदकातून गेलेले. शिसं सावकाश भिनणारं विष आहे म्हणे. मालक मुलासारखा रडला, आणि त्या दिवसापासून या घरात शिसं खलास.

पोलादी छर्रे बाजारात मिळतात, पण ते इतके टणक की या जुन्या मऊ नळ्या आतून खरवडून निघतील. म्हणून त्याने विलायतेहून बिस्मथ नावाच्या धातूचे छर्रे मागवले आहेत. शिशापेक्षा थोडे हलके, तसेच मऊ, आणि पोटात गेले तरी अपाय नाही. तयार काडतुसं मिळतात ती नव्या बंदुकांची, लांब. या बंदुकांचं काडतूस बसायचं घर आखूड. तेव्हा घरी भरण्याला पर्याय नाही, आणि मी कधीतरी फुशारकीत बोलून गेलो होतो की लहानपणी वडिलांच्या हाताखाली काडतुसांची टरफलं भरायचो. आता ते माझ्या गळ्यात पडलं आहे.

बंदुकीच्या दारूच्या डब्याबरोबर इंग्रजी कागद आहे. त्यात सगळा हिशेब शिशाचा, बिस्मथचं नाव नाही. त्यामुळे माझा गोंधळ होतोय. बाबांचं दारू मोजायचं पितळी माप तुझ्याकडे आहे ना? रहिमतुल्ला, माझा खोलीतला जोडीदार, सध्या सुट्टीवर रत्नागिरीत आहे. त्याच्याकडे देशील का? डिसेंबरात वाळवंटात मालकाचा थंडीचा तंबू पडेल, दोस्तमंडळी जमतील, तिथे पहिली काडतुसं उडवायची आहेत. हे नीट झालं तर सुनंदा आणि रंजिता यांच्या फॅमिली व्हिसावर सही करतो असं त्याने आपणहून सांगितलंय. ईसा टाउनच्या शाळेत रंजिताचं नाव घालायचं मी मनात ठरवूनही टाकलंय.

थोरल्यांना नमस्कार, लहानांना पापे, आणि माझ्यावरचा लोभ आहे त्याहून उणा होऊ देऊ नकोस.

तुझा
दत्ता


आसगे, ता. लांजे
१४ नोव्हेंबर १९९६

चि. दत्तारामास,
विठ्ठलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी बरी झाली. रंजिताने फुलबाजी माझ्या धोतराला लावली, धोतर गेलं, मी वाचलो. सर्दीची बातमी तुझ्यापर्यंत पोचवणारीला मी ओळखून आहे. तिला सांग, डुकराला वास लागला तर वाघालाही उपाशी परतावं लागतं.

बिस्मथ म्हणजे मी आधी पोटदुखीचं औषध समजलो. असो, जे असेल ते. बदक मेल्याशी मतलब.

माप आजच रुमालात बांधून रहिमतुल्लाकडे दिलं. बाबांनी चाळीस वर्षं त्या मापाने टरफलं भरली, एकदाही बार फुसका गेला नाही की बंदूक कुरकुरली नाही. तुला आठवत असेलच, तरी लिहितो. माप काठोकाठ भरायचं, बोटाने वरून सपाट करायचं, वर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याच्या बुचाची डगळी, मग छर्रे. डगळी ठासून बसली पाहिजे, टरफल हलवल्यावर आतून आवाज आला तर ते माझ्या भावाने भरलेलं नाही. विलायती कागद बाजूला ठेव. ज्यांनी तो लिहिला त्यांनी एअरकंडिशनमध्ये बसून लिहिला. त्यात तुझ्या नव्या छर्र्यांचं नाव नाही असं तूच म्हणतोस, मग त्याच्याशी कशाला डोकं लढवतोस? आपला हात जगन्नाथ.

आणि आपल्या घरचा नियम पाळ. जो भरेल त्याने पहिला बार काढायचा. परक्याच्या हाती न उडवलेलं काडतूस द्यायचं नाही, मग तो मालक असो नाहीतर मालकाचा बाप.

सुनंदा व्हिसाचं ऐकून संध्याकाळी मला विचारत होती की तिकडे नारळ मिळतात का. म्हणजे तिचं मन निघालं आहे. मला करमणार नाही, पण ते पुढचं पुढे.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रावर तोलू नकोस.

तुझा
विठ्ठलदादा


हिद्द
२८ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रहिमतुल्ला सुखरूप पोचला. माप मिळालं, सोबतची कुळथाची पिठीही मिळाली. पिठी आम्ही दोघांनी दोनच दिवसांत संपवली, रहिमतुल्लाच्या आईने दिलेल्या सुक्या जवळ्याबरोबर. मापाला अजून बाबांच्या तंबाखूचा वास येतो असं मला वाटलं. रहिमतुल्ला म्हणतो, तो सुक्या जवळ्याचा आहे.

काल भरायला बसलो. आधी तुझं न ऐकता कागदाप्रमाणे एक टरफल भरून पाहिलं, राग धरू नकोस. ही दारू आपल्या काळ्या दाण्यांसारखी नाही. करड्या रंगाच्या बारीक चकत्या आहेत, हातालाही काळं लागत नाही, आणि उडवल्यावर धूर होत नाही म्हणे. कागदाच्या हिशेबाने बाबांचं माप अर्धंसुद्धा भरत नाही. टरफल अर्धं रिकामं राहिलं, डगळी खाली जाऊन बसली आणि हलवलं तर छर्रे खुळखुळायला लागले. तुझं वाक्य आठवून मी एकटाच हसलो. ते टरफल फोडून टाकलं आणि माप काठोकाठ भरून दुसरं केलं. डगळी थोडी दाबावी लागली, पण कसं टच्च बसलं! बाकीची सगळी तशीच भरली.

मालक येऊन बघून गेला. एकेक काडतूस उजेडात धरत होता. त्याला मी आपला नियम सांगितला की पहिला बार भरणाऱ्याचा. तो हसला आणि म्हणाला की त्याच्या वडिलांना असा माणूस आवडला असता. शुक्रवारी, १३ डिसेंबरला, तंबूवर सगळे जमणार आहेत. मी सोमवारीच पुढे जाणार, तंबू ठोकायला आणि जनरेटर बघायला. मधले दिवस पत्र आलं नाही तर काळजी नको.

खरं सांगू, थोडी धाकधूक आहे. बंदुकीची नाही, ती तुझ्या आणि बाबांच्या भरवशावर आहे. सही होईल की नाही, याची आहे. सुनंदाला तेवढं बोलू नकोस.

घरच्या सर्वांची आठवण रोज निघते, तुम्हीही काढत जा.

तुझा
दत्ता


लांजे
१० डिसेंबर १९९६

चि. दत्ता,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे मला समजतंय, तरी लिहितो, कारण लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

ती काडतुसं उडवू नकोस. एकसुद्धा नको. मालक रागावो, नोकरी जावो, व्हिसा खड्ड्यात जावो.

काल परवान्याच्या कामाला रत्नागिरीला गेलो होतो. बंदुकीच्या दुकानात बसून तुझी बढाई मारली की माझा भाऊ आखातात बाबांच्या मापाने विलायती बंदुका भरतोय. म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, दारू कुठली. खिशात तुझं पत्र होतं, सकाळीच पोस्टातून घेतलेलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. करड्या चकत्या, धूर नाही. त्याने चहाची बशी खाली ठेवली. म्हणाला, ते माप काळ्या दारूचं आहे. काळी दारू कमजोर, म्हणून भरपूर लागते. ही बिनधुराची दारू तेवढ्याच मापात घातली तर दुपटीहून जास्त होते, नवी बंदूकसुद्धा फाटेल, आणि पिळाच्या जुन्या नळ्या तर कागदासारख्या उलगडतील. मी त्याला म्हटलं, बाबांनी चाळीस वर्षं भरलं. तो म्हणाला, तुमच्या बाबांनी ही दारू कधी पाहिली होती का?

तिथूनच तुझ्या खोलीखालच्या कोल्ड स्टोअरला, त्या किराणा दुकानात, फोन लावला. तिथल्या मल्याळी दुकानदाराने सांगितलं की तू सकाळीच तंबूवर गेलास आणि रहिमतुल्ला शिफ्टला आहे. मी त्याला तीन वेळा हिंदीत सांगितलं की रहिमतुल्लाला गाठा, बंदूक चलाना नहीं, बोलायला सांगा. तो हो हो म्हणाला. कळलं की नाही देव जाणे. मालकाच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर तारही केली. आज पुन्हा लांज्याला येऊन फोन केला, लाइनच लागत नाही. बूथवरच बसून हे लिहितोय.

तो कागद बाजूला ठेव असं मी लिहिलं. तुझ्यासमोर खरं उत्तर छापलेलं होतं आणि मी तुला ते बाजूला ठेवायला लावलं. तू माझं ऐकलंस. लहानपणापासून ऐकतोस, तसं एकदा नसतं ऐकलंस तर काय झालं असतं!

घरी कुणाला बोललो नाही. फोन कर. दिवसा, रात्री, केव्हाही. बूथवाल्याला सांगून ठेवलंय.

विठ्ठल


आसगे
१२ डिसेंबर १९९६

सौ. सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

दादा तीन दिवस जेवले नाहीत. विचारलं तर पोट बिघडलं म्हणतात आणि रोज उठून लांज्याला जातात. शेवटी आज त्यांना मी चुलीपुढे गाठलं आणि सगळं वदवून घेतलं. मोठे दीर आहेत म्हणून गप्प बसले, नाहीतर माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्ही जाणताच. नंतर ते पडवीत बसून रडले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, मग बोलायचं तेही राहिलं.

आता तुम्हाला बोलते. मला व्हिसा नको. इथे तुमच्याशिवाय राहायची सवय झाली आहे, पण ती तुम्ही तिथे आहात म्हणून. मी नारळाची चौकशी केली म्हणजे तुम्ही बंदूक खांद्याला लावायची असा त्याचा अर्थ होत नाही. मालकाला सांगायचं, बायको नको म्हणते. हसतील तर हसू दे.

उद्या शुक्रवार. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा तो होऊन गेलेला असेल, म्हणून काय लिहावं तेच सुचत नाही. रंजिताला काही सांगितलेलं नाही. ती शाळेत पहिली आली, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली, ती तुम्हाला दाखवायची म्हणून उघडतसुद्धा नाही.

देवाला नारळ बोलले आहे. तुम्ही तुमच्या हाताने दोन ओळी लिहा. एवढा लोभ करा.

आपली
सुनंदा


हिद्द
२० डिसेंबर १९९६

ती. दादास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. लिहिणारा रहिमतुल्ला आहे, सांगणारा मी. त्याचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे का, हे तूच ठरव.

तुझा निरोप वेळेवर मिळाला. रहिमतुल्ला शुक्रवारी कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसून वाळवंटभर तंबू शोधत आला. सगळे तंबू सारखेच, बिचारा तीन ठिकाणी गाव्हा, म्हणजे अरबी कॉफी, पिऊन मग आमच्याकडे पोचला. मी काडतुसं बाजूला ठेवली आणि मालकाला सगळं सांगितलं. त्याने मफी मुश्किल, काही हरकत नाही, म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला. दारू समुद्रात ओतली. माप जपून ठेवलंय. घोडं गंगेत न्हालं.

दोन दिवसांनी लेथवर काम करताना मात्र उजव्या हाताला जरा लागलं. धांदरटपणा माझाच. बँडेज आहे, म्हणून लिहिता येत नाही. दवाखान्यात डॉक्टर चांगला आहे, नर्स केरळची आहे आणि ती मला रहिमतुल्लापेक्षा जास्त दटावते. सुनंदाने परवा फोन केला तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती फार रडली. तिला म्हणावं, आता सगळं मिटलं.

तू जेवत जा. एवढं एक माझं ऐक, मीही तुझं पुष्कळ ऐकलं आहे.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझा
दत्ता


आसगे
४ जानेवारी १९९७

चि. दत्तास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पडवीत उभ्याउभ्या हात जोडले. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा खाली बसलो.

तू लेथवर वीस वर्षं काम केलंस. सित्राला तू पोरांना हात कुठे ठेवायचा ते शिकवायचास. आणि उजवाच हात? तू जन्माचा डावखुरा. लिहितोस उजव्याने, ते गुरुजींनी छड्या मारून शिकवलं म्हणून, बाकी सगळं डाव्याने. कोयता डाव्याच हातात, बंदूकही डाव्याच खांद्याला. बंदूक डाव्या खांद्याला लावणाऱ्याचा उजवा हात नळीखाली असतो, दत्ता. हे मला माहीत नसेल असं तुला कसं वाटलं? तुला बंदूक धरायला मीच शिकवलं.

मग सुनंदाला विचारलं, फोनवर तो कसा बोलला. ती म्हणाली, मोठ्याने बोलत होते, सारखं काय, काय विचारत होते, मग म्हणाले थांब, दुसऱ्या कानाला लावतो. तिला वाटलं लाइन खराब आहे. मी तिला तसंच वाटू दिलं. लेथने कान जात नाही.

मला किती बोटं गेली ते कळव. हे विचारायला माझा हात धजत नव्हता, पण न विचारता राहणं त्याहून वाईट आहे. तू मला वाचवायला खोटं लिहिलंस हे समजलं आणि त्याने मला जास्त लागलं. लहान भावाने हात गमवावा आणि मोठ्याच्या झोपेची काळजी करावी, हे मला झेपत नाही.

माझी बंदूक काल लांज्याच्या पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदाराने कारण विचारलं, मी म्हटलं डोळे अधू झाले. डुकरांसाठी रात्री डबे वाजवतो, येतात ती येतात, खातात ती खातात.

एक मागणं आहे. पुढचं पत्र तुझ्या हाताने लिही. जो हात चालेल त्याने, जसं जमेल तसं. रहिमतुल्लाचे उपकार फिटणार नाहीत, त्याला माझा सलाम सांग, पण मला तुझं अक्षर पाहू दे.

रागावला असशील तर तेही लिही. मी वाचीन.

तुझा
विठ्ठलदादा


हिद्द
२५ जानेवारी १९९७

ती. दादास,
शि. सा. न.

डाव्या हाताने लिहितोय. गुरुजी असते तर पुन्हा छड्या दिल्या असत्या. एका दिवसात एवढंच होतं, म्हणून हे पत्र चार दिवसांचं आहे.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे. उजव्या कानात समुद्र वाजतो. डॉक्टर म्हणतो, तो वाजतच राहील. डोळे शाबूत आहेत. मालकाने दवाखान्याचं सगळं केलं. लेथवर आता मला उभं करत नाही, ससाण्यांकडे बघायला ठेवलंय. पक्षी हातावर बसायला दोन बोटं पुरतात.

रहिमतुल्ला पोचला तेव्हा मी वाळूत पडलेलो होतो. उशीर झाला म्हणून तो आजही स्वतःला दोष देतो, त्याला तू एकदा लिही. आणखी एक तुला सांगायचं राहिलं होतं. मालकाला राहवलं नाही, पहिला बार मीच काढतो म्हणून त्याने बंदूक मागितली. सगळ्या दोस्तांसमोर. मी दिली नाही. तो पासष्ट वर्षांचा आहे, नळीवर गाल टेकून नेम धरतो. तो मेला असता आणि मी आज कुठे असतो ते तूच विचार कर.

माप तू पाठवलंस. पण कागद माझ्यासमोर होता, आणि इंग्रजी मला तुझ्यापेक्षा जास्त येतं. डगळी दाबावी लागली तेव्हा हाताला कळलं होतं की काहीतरी जास्त होतंय. टर्नरच्या हाताला कळतं. मी हाताचं ऐकलं नाही. तेव्हा सगळं तू एकट्याने घेऊ नकोस, निम्मं माझं आहे. रागावलो होतो, दवाखान्यात, दोन रात्री. मग तू जेवत नाहीस हे सुनंदाने सांगितलं आणि राग धरायला बळ उरलं नाही.

व्हिसावर सही झाली आहे. सुनंदा आधी नको म्हणाली, मग मी तिला बोटांचं सांगितलं. तिने विचारलं की शर्टाची बटणं कोण लावतं. आता येते म्हणते.

तिला आणि रंजिताला घ्यायला मी मार्चमध्ये येतोय, पंधरा दिवसांसाठी. दरवर्षी तू लांज्याच्या स्टँडवर येतोस, आणि मी तुला बॅगेला हात लावू देत नाही, म्हातारा झालास म्हणून चिडवतो. या वेळी ये, दादा. दोन बॅगा आहेत.

तुझा
दत्ता